शिंगाडेबाईंचा बाजार

शिंगाडेबाईंबद्दल चांगलं बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते. त्यांची बदली झाली तेव्हा शाळेत निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. मला चार शब्द बोलायला लावलं. मी "बाई अत्यंत मनमिळाऊ होत्या" असं म्हणून खाली बसले. बाई मनमिळाऊ वगैरे अजिबात नव्हत्या. त्या पुढच्या रांगेत बसून माझ्या वाटणीचा पेढा खात होत्या, आणि माझं बोलणं संपल्यावर मोठ्याने म्हणाल्या, "एवढंच? अगं, म्या इतकी वर्सं तुझ्या शेजारच्या वर्गात होते. भिंतीवरचा नकाशा न्हवते." सगळे हसले. मीही हसले. हसण्याखेरीज त्यांनी दुसरं काही करायला ठेवलंच नव्हतं.

आमची शाळा धाराशिव जिल्हा परिषदेची, भूमच्या अलीकडच्या एका गावात, डांबरी रस्त्याला लागून. पहिलीचा वर्ग त्यांचा, दुसरीचा माझा. मध्ये एक भिंत आणि तिला एक दार, ज्याची कडी कधीच नीट लागत नसे. त्या दारातून पहिलीचा सगळा गलका माझ्या वर्गात यायचा आणि गलक्यामागून बाई स्वतः यायच्या. खडू संपला म्हणून, पेन पाहिजे म्हणून, किंवा माझ्या डब्यात आज काय आहे ते बघायला. नेलेलं पेन परत आणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यामुळे मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला सरळ अगं-तुगं. पोरं मला 'मॅडम' म्हणायची. त्यांना 'आमच्या बाई' म्हणायची. त्या 'आमच्या'चं मला पहिल्यांदा वाईट वाटलं तेव्हा मी शाळेत नवीन होते, आणि ते वाईट वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

दिसायला बाई ठसठशीत. मोठं कुंकू, कडक इस्त्रीची साडी, हातात जांभळी पर्स आणि पर्समध्ये बारा महिने भाजलेले शेंगदाणे. दुसऱ्या कुणाच्या साडीचं कौतुक झालं की त्या दिवशी त्या कुणाशी धड बोलत नसत. फळ्यावर त्यांची ओळ वरून निघायची आणि टोकाला जाईपर्यंत खाली उतरायची. माझं अक्षर छापल्यासारखं. तालुक्याच्या प्रशिक्षणात फलकलेखन असलं की मलाच बोलावतात. माझ्या वर्गात वाचन कोपरा आहे, तिथे रंगीत दोऱ्यांवर पुस्तकं टांगलेली आहेत, एकाही पुस्तकाला डाग नाही. कुणी साहेब आले की फोटो तिथलाच निघतो. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या बाजूचं फारसं काही येणार नाही.

दर जूनमध्ये बाईंची पोरं माझ्या दुसरीत यायची आणि यायची ती वाचतच. बसल्या जागी जे दिसेल ते वाचायची. खिचडीच्या तांदळाचं पोतं, एसटीची पाटी, माझ्या पिशवीवरचं दुकानाचं नाव. मग पालकसभेत कुणीतरी म्हणायचं, "जाधव मॅडमची दुसरी काय वाचती हो! फाडफाड." मी मान खाली घालून हसायचे. दुसऱ्याचं श्रेय आपल्या पदरात पडलं की खरं म्हणजे आनंद व्हायला पाहिजे. मला ते टोचायचं. त्यात बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. सभा चालू असताना मागून आवाज यायचा, "म्या रांधलं आन् ही वाढायलीय. वाढू द्या, वाढू द्या. वाढणारीचंच नाव व्हतंय."

त्या हे करायच्या कशा, ते मला पहिल्यांदा दिसलं भूमच्या पुस्तक प्रदर्शनात. शाळेला पुस्तकांसाठी पैसे आले होते आणि मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना निवडायला पाठवलं होतं. माझी तयारी पक्की होती. पहिलीसाठी आधी बिनकान्याच्या शब्दांची पुस्तकं, मग कान्याची, मग वेलांटीची, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. कागद चकचकीत हवा, बांधणी मजबूत हवी आणि गोष्टीच्या शेवटी काहीतरी बोध हवा. मी टेबलाटेबलाने निवडत निघाले. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि सरळ फरशीवर बसकण मारली. पुस्तकवाल्याला म्हणाल्या, "दादा, लेकरांचं सगळं खाली दे. लेकरं खालीच बसत्यात."

मग मांडीवर एकेक पुस्तक घेऊन त्या भर हॉलमध्ये मोठ्याने वाचायला लागल्या. नुसतं वाचणं नाही, कोल्ह्याचं वाक्य कोल्ह्याच्या आवाजात. आजूबाजूचे गुरुजी वळून बघत होते आणि मी ओळख नसल्यासारखी दुसऱ्या टेबलाकडे सरकले. वाचताना जीभ अडखळली की पुस्तक डावीकडे. मग अक्षरांवर तळहात ठेवून त्या नुसतं चित्र बघायच्या. चित्रानेच सगळं सांगून टाकलं तर म्हणायच्या, "मग वाचायचं कशाला?" चित्र काहीच सांगत नसलं तर, "मग लेकरानं धरायचं काय?" दोन्ही पुस्तकं डावीकडे. सगळ्यात शेवटची परीक्षा म्हणजे पान उलटण्याआधी त्या थांबायच्या आणि स्वतःलाच विचारायच्या, "आता काय व्हईल?" त्यांना स्वतःला जाणून घ्यावंसं वाटलं तरच पुस्तक उजवीकडे जायचं. उजवीकडचा ढीग अगदी लहान होता.

माझा गठ्ठा त्यांनी न विचारता ओढून घेतला. वरच्या पुस्तकात 'ऊठ. चल. बस. बघ.' असे सोपे सोपे शब्द होते, एकही काना नाही, एकही मात्रा नाही. मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. बाईंनी चार पानं चाळली आणि म्हणाल्या, "ह्यात कुणी बोलतच न्हाय गं. नुसते हुकूम सोडायलेत. घरी काय लेकरांना हुकूम कमी पडत्यात?"

मी म्हटलं, "बाई, सुरुवातीला अक्षरं सोपी नकोत का?"

"अक्षरं सोपी आसू दे की. पर आत कुणीतरी पडलं पायजे, रडलं पायजे, कुणाचं कायतरी हरवलं पायजे. न्हायतर लेकरू पान कशाला उलटंल?"

त्यांच्या ढिगात एका शेळीचं पुस्तक होतं. मी ते उघडलं आणि लगेच चूक सापडली म्हणून बरं वाटलं. पानोपानी 'शेळीने टोपी खाल्ली. अजून भूक! शेळीने चप्पल खाल्ली. अजून भूक!' मी म्हटलं, "पहिलीला जोडाक्षरं? 'खाल्ली' कसं वाचतील?" बाई शेंगदाणे सोलत होत्या. "खायचं काम हाय," म्हणाल्या, "त्यांला येतंय." पुस्तकवाला खो खो हसला आणि त्याने त्यांच्यासाठी चहा मागवला. मीही तिथेच उभी होते. माझ्यासाठी नाही मागवला.

निवडणं तिथे संपत नसे. खरी निवड व्हायची शनिवारी सकाळी, त्यांच्या बाजारात. भूमला आठवड्याचा बाजार भरतो तसा बाई वर्गात पुस्तकांचा बाजार भरवायच्या. रिकामी पोती एकत्र शिवून केलेलं तळवट त्या फरशीवर पसरायच्या, त्यावर पुस्तकांचे वाटे मांडायच्या आणि पदर खोचून मधोमध बसायच्या. "या, या, ताजा माल! हत्तीचं घ्या, विहिरीचं घ्या! हे बघा, ह्यात एक म्हातारी हाय, कुणाचं ऐकत न्हाय!" पोरं गिऱ्हाईक. भाव बाई तिथल्या तिथे ठरवायच्या. कुणाला कावळ्याचा आवाज काढायला सांगायच्या, कुणाला चित्रातल्या म्हातारीच्या हातात काय आहे ते ओळखायला लावायच्या, कुणाला हे पुस्तक घरी कुणापुढे वाचणार ते विचारायच्या. पोरं घासाघीस करायची. "एवढ्यात न्हाय परवडत बाई," असं एक इवलीशी पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली तेव्हा ती हुबेहूब बाजारातली तिची आई वाटली.

सोमवारी माल परत यायचा आणि तेव्हा तक्रारी ऐकायच्या असत. "बाई, ह्यातली म्हैस दूधच देत न्हाय." "बाई, हे लवकर संपलं." बाई गंभीर चेहऱ्याने ऐकायच्या. जे पुस्तक मळून, कोपरे दुमडून, कधी भाजीचा डाग घेऊन यायचं ते पुढच्या शनिवारी सगळ्यात पुढे मांडायच्या. जे कोरं करकरीत परत यायचं ते दोनतीन बाजार मांडून बघायच्या आणि मग कपाटात टाकायच्या. एखादी गोष्ट चांगली असून शेवटी बोध चिकटवलेला असला तर त्या खळ लावून शेवटची दोन पानं एकमेकांना डकवून टाकायच्या. "गोष्ट संपली की लेकराला गुमान जाऊ द्यावं. दारापतूर मागं मागं जाऊन कशाला सांगायचं?"

मी निवडलेली पुस्तकंही त्या बाजारात मांडली गेली. बाईंनी त्यात लबाडी केली नाही, हे कबूल करायला हवं. उलट माझ्या मालाची हाळी त्या जास्तच जोरात घालायच्या. मी कडी न लागणाऱ्या दाराच्या फटीतून बघायची. पोरं यायची, 'ऊठ. चल. बस.' उचलायची, पान उलटायची आणि खाली ठेवायची. बाजारात आपल्या टोपलीपुढे कुणी थांबत नाही आणि शेजारणीची टोपली रिकामी होते, तेव्हा भाजीवालीला काय वाटत असेल ते मला तेव्हापासून नीट माहीत आहे.

फक्त एकदा मी जिंकले. प्रदर्शनात मी ट्रॅक्टरचं एक पुस्तक घेतलं होतं आणि बाईंनी नाक मुरडलं होतं. "ट्रॅक्टरचं काय वाचायचं? दारात उभा हाय की." त्या शनिवारी त्या पुस्तकावरून पोरांत मारामारी झाली. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर होता त्यांनाच ते जास्त हवं होतं. चित्रात नांगर उलटा जोडलाय, हे दाखवण्यासाठी पोरं एकमेकांना ते वाचून दाखवत होती. बाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. डब्यातलंही काही मागितलं नाही. तो दिवस माझा फार छान गेला. पुढच्या शनिवारी मात्र दाराच्या पलीकडून आवाज आला, "या, या, शिंगाडेबाईंनी खास निवडून आणलेला ट्रॅक्टर!"

एकदा विस्तार अधिकारी आले. आधी माझ्या वर्गात येऊन त्यांनी वाचन कोपऱ्याचा फोटो काढला, "वा, नीटनेटकं" म्हणाले. मग पहिलीत गेले. तिथे मळकी, शिवलेली, कव्हर सुटलेली पुस्तकं बघून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एका पोराला वाचायला सांगितलं. पोराने शेळीचं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानावर असतानाच दुसऱ्या पानावरची चप्पलही खाऊन टाकली. साहेब म्हणाले, "हे वाचन नाही बाई. पाठ केलंय त्यानं."

"व्हय, पाठच केलंय," बाई म्हणाल्या. "गोष्ट तोंडात आली की बोट हळूहळू अक्षरावर जातंय. तुमी सायकल शिकला आसाल तवा कुणीतरी मागनं धरलंच आसंल की साहेब."

साहेबांना ते आवडलं नाही. जाताना ते मुख्याध्यापकांना पहिलीकडे जरा लक्ष द्या असं सांगून गेले. मला आतून गुदगुल्या झाल्या. संध्याकाळी नवऱ्याला सांगताना मी साहेबांचं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. ते पोर मात्र संक्रांतीपर्यंत अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागलं, आणि जूनमध्ये माझ्या वर्गात येऊन पहिल्याच दिवशी म्हणालं, "मॅडम, तुमची पुस्तकं लटकवलेली का हायत? वाळत घातलीत का?"

इथवरचं सगळं मी सोसलं असतं. नोकरीत असं कुणीतरी शेजारी असतंच. पण मग माझी मुक्ता पहिलीत गेली.

मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. नवरा शेजारच्या वाशी तालुक्याच्या तहसील कार्यालयात. आम्ही तिला इंग्रजी शाळेत न घालता माझ्याच शाळेत घातलं, त्याचं गावात कौतुक झालं. शाळेत जाण्याआधीच मी तिच्यासाठी पुण्याहून पुस्तकं आणली होती. एक अख्खा कप्पा. मी ठरवलं होतं की मुक्ता आयुष्यातलं पहिलं पुस्तक माझ्या मांडीवर बसून वाचेल. मी दुसऱ्यांच्या इतक्या मुलांना शिकवलंय, स्वतःच्या मुलीचा तो एक क्षण मला हवा होता. यात जास्त काय मागितलं होतं मी?

रोज संध्याकाळी मी तिला घेऊन बसायची. ती पहिलं अक्षर वाचायची, मग माझ्याकडे बघायची. मी तिच्या ओठांकडे बघत असायची. चुकली की माझ्या भुवया हलत असाव्यात, कारण ती लगेच गप्प व्हायची. मग जांभई, मग तहान, मग शू. अक्षरं तिला येत होती. ती शब्द वाचायची नाही. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं. कप्प्यातली पुस्तकं कोरी करकरीतच राहिली.

एका दुपारी मधल्या सुट्टीत मी दारातून डोकावले. पहिलीचा वर्ग रिकामा होता. बाई भिंतीला टेकून, पाय पसरून शेंगदाण्यातले खडे निवडत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी माझी मुक्ता शेळीचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होती. पाठ म्हणत नव्हती, वाचत होती. बोट अक्षरावर होतं. 'शेळीने दोरी खाल्ली' पाशी बोट थांबलं, मागे गेलं, 'दो' वर टेकलं आणि पुढे निघालं. बाई तिच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. एक खडा उचलून बाजूला टाकत नुसतं म्हणाल्या, "आरं द्येवा. आता काय खाईल गं ही?" आणि मुक्ता पान उलटून हसली. माझ्याबरोबर वाचायला बसल्यावर ती कधी हसली नव्हती.

मी दार ओढून घेतलं. कडी लागली नाहीच. आपल्या लेकराचं पहिलं पाऊल शेजारणीच्या अंगणात पडलेलं बघावं तसं मला झालं. दुपारी मी दुसरीला शुद्धलेखन घातलं आणि एकालाही बरोबर दिलं नाही.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुक्ता, मला शेळीचं वाचून दाखवतेस?"

"ते बाईंचं आहे," ती म्हणाली. "ते बाजारात मिळतं."

नवरा म्हणाला, "अगं, आलं ना तिला वाचायला? मग झालं."

पुढच्या रविवारी मी बसने त्या पुस्तकवाल्याच्या दुकानापर्यंत गेले आणि शेळीचं पुस्तक विकत घेतलं. नवं कोरं. घरी येऊन मुक्ताच्या हातात दिलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, कव्हरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही ती शेळी नाही."

"तीच आहे बाळा. बघ, टोपी, चप्पल, सगळं तेच."

"आमच्या शेळीने कोपरा खाल्लाय. हिने कुठं खाल्लाय?"

वर्गातल्या पुस्तकाचा कोपरा खरंच नव्हता. कुठल्या तरी पोराने चघळला असणार. पण बाईंनी सांगितलं होतं की शेळी रात्री पुस्तकातून बाहेर आली, कोपरा खाऊन पुन्हा आत गेली, आणि सगळी पहिली त्यावर विश्वास ठेवून होती. नवी शेळी कप्प्यात गेली, बाकीच्या कोऱ्या पुस्तकांच्या शेजारी.

मग बदल्यांचे आदेश आले. बाईंना लोहारा तालुका मिळाला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कर्नाटकच्या सीमेकडे. खरं सांगते, वाचल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की मुक्ताने अजून माझ्यापुढे एक ओळ वाचलेली नाही, आणि ही बाई तिचं वाचणं बरोबर घेऊनच निघाली तर?

बाईंचा शेवटचा बाजार शनिवारी भरला. त्या दिवशी त्यांनी आम्हा शिक्षकांनाही बोलावलं होतं. मुख्याध्यापकांनी कोंबड्याचा आवाज काढून एक चिंध्या झालेलं पुस्तक मिळवलं. सगळा माल संपत आला तेव्हा मुक्ता पुढे झाली आणि तिने शेळीवर हात ठेवला.

"ह्याचा भाव लई मोठा हाय," बाई म्हणाल्या. "हे मी कायमचं विकायलेय. घरी कुणापुढं वाचणार, सांग."

मी दारात उभी होते. तिने 'आई' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"तुमच्यापुढं," मुक्ता म्हणाली.

"म्या तर चालले लोहाऱ्याला. दुसरं गिऱ्हाईक बघ."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. बाईंनीही माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "आईपुढं वाच. पर भाव ऐक. वाचताना आईनं तुझ्या तोंडाकडं बघायचं न्हाय. तिला कायतरी निवडाय दे, मेथी दे, तांदूळ दे. बघितलं तर शेळी परत माझी. बोल, परवडतंय का?"

"परवडतंय," मुक्ता म्हणाली.

मला भरून आलं असं कुणाला वाटेल. मला राग आला. म्हणजे या बाईला सगळं माहीत होतं. माझ्या घरातली संध्याकाळ, माझ्या भुवया, सगळं. आणि आता माझीच मुलगी मला बाजारात भाव करून दिली जात होती, वर अट घालून. मी तिथून निघून गेले.

पण घरी जाताना मेथीची जुडी घेतली. संध्याकाळी मी ओट्यापाशी खाली बसून ती निवडायला घेतली आणि डोळे खाली ठेवले. अर्धी जुडी निवडून झाली. मग शेजारी पुस्तक उघडल्याचा आवाज आला. "शेळीने टोपी खाल्ली. अजून भूक!" मी पानं खुडत राहिले. काड्या भाजीत गेल्या आणि पानं कचऱ्यात. मुक्ता वाचत होती आणि ती चक्क बाईंच्या आवाजात वाचत होती. तोच खर्जातला सूर, तेच पान उलटण्याआधीचं थांबणं, आणि मध्येच पुस्तकात नसलेलं "आरं द्येवा!" माझ्या घरात असं कुणी बोलत नाही. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते माझ्या शेजारी, माझ्यासाठी चाललं होतं, आणि डोळे मिटले असते तर शिंगाडेबाईच जेवायला आल्यात असं वाटलं असतं. मी आनंदाने रडत होते आणि जळतही होते. चष्मा पुसायलासुद्धा मान वर केली नाही. शेळी परत गेली असती.

त्यानंतर बाई एकदाच दिसल्या. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मी आणि मुक्ता वाशीला निघालो होतो आणि भूमच्या स्थानकावर धाराशिवची गाडी उभी होती. खिडकीत जांभळी पर्स दिसली. बाईंचं घर भूमलाच, सुट्टी संपवून त्या परत कामावर निघाल्या होत्या. मुक्ता माझा हात सोडून धावली.

"काय गं गिऱ्हाईक? काय वाचायलीस?"

मुक्ताने पिशवीतून शेळी काढून दाखवली. ती ते पुस्तक सगळीकडे नेत असे. बाईंनी खिडकीतून हात काढला, पुस्तक घेतलं आणि दुसऱ्या बाजूचा कोपराही आता दुमडलेला बघून मान डोलावली. मग ते मांडीवर ठेवलं. "हे आता मला दे. तिकडं लेकरं हायत, त्यांचं घरचं कन्नड न्यारं, पुस्तकातलं मराठी न्यारं, कशालाच हात लावंनात. आपल्या शेळीबिगर जमायचं न्हाय."

कायमचं विकलेलं पुस्तक परत घ्यायचं, हे त्यांनाच सुचू जाणे. मी म्हणणार होते, बाई, हे तिचं आहे. मुक्ता रडेल म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडली नाही. तिने माझ्याकडे वर पाहिलं.

"आई, आपल्या घरी दुसरी शेळी आहे ना?"

"आहे."

"मग तिला आज कोपरा खायला लावू."

"मी धरते, तू चाव," मी म्हटलं. असं काही मी कधी बोलेन असं मला वाटलं नव्हतं.

"जाधव मॅडम," बाई खिडकीतून म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं. "डब्यात काय हाय?" मी शंकरपाळ्यांचा डबा दिला. तो डबाही परत आलेला नाही.

कंडक्टरने घंटी दिली. बाईंच्या बाजूच्या आसनावर एक अनोळखी बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मूल दोघींच्या मध्ये. गाडी हलली तेव्हा बाईंनी शंकरपाळं तोंडात टाकलं, पुस्तक मांडीवर उघडलं आणि मुलाकडे अजिबात न बघता समोर बघत बसल्या. मूल आधी त्यांच्याकडे झुकलं, मग पुस्तकाकडे. त्याची आई दुसऱ्या बाजूला तोंड करून स्थानकातली गर्दी बघत होती. बिचारीला अजून काहीच माहीत नव्हतं.